काढलेल्यांची यादी

फरहत मॅडमची लुना कॉलेजच्या फाटकातून आत शिरली, की लॅबमधली आम्ही सगळी मुलं-मुली आपोआप ताठ बसत असू. ती लुना इतकी जुनी होती, की तिचा मूळ रंग कोणता यावर वर्गात दोन पक्ष होते. तिला आरसा नव्हता. हॉर्न वाजत नव्हता. चालू स्थितीत होतं ते फक्त किलोमीटरचं मीटर. त्याची काच मॅडम रोज ओढणीच्या टोकानं पुसत. आमचे शिपाई गजाननभाऊ एकदा म्हणाले, "मॅडम, आरसा बसवा ना आधी. मीटर कायले पाहिजे?" मॅडम म्हणाल्या, "मागून कोन येते ते पाहून मी काय करू, भाऊ? आपन किती आलो ते मालूम पाहिजे."

मॅडम अकोल्याच्या. वडील पिंजारी, म्हणजे कापूस पिंजून गाद्या भरून देणारे. मॅडम अमरावतीला एका गल्लीत खोली घेऊन राहत आणि आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर प्रोग्रामिंग शिकवत. तासिका तत्त्वावर म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यापुरती नोकरी. दर जूनमध्ये बोर्डावर शिक्षकांची नवी यादी लागायची. तिच्यात नाव असलं, तर त्या वर्षापुरत्या तुम्ही मॅडम.

उंचीनं बुटक्या, आवाज मोठा. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. खडूच्या डब्यात खडूंबरोबर फुटाणे. शिकवताना खुर्चीवर बसलेल्या मी त्यांना कधीच पाहिलं नाही. खुर्चीवर त्यांची पर्स बसायची.

माझ्या घरात 'कॉम्प्युटर' हा शब्द माझ्याबरोबरच आला. बाबा चौथी शिकलेले, आईला सही येत नव्हती. आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावर. पहिल्या दिवशी लॅबमध्ये मी पाय पोटाशी घेऊन बसले होते, न जाणो तळाच्या वायरला धक्का लागला तर. मॅडम आल्या आणि सरळ वऱ्हाडीत सुरू झाल्या. "घाबरता काहून? हे मशीन तुमच्याइतकंच अडानी आहे. सांगतलं तेवढंच करते. फरक इतकाच, तुमी सांगतलेलं बी करत नाई."

त्यांच्या या बोलण्यावर एकदा पुण्याहून आलेले परीक्षक हसले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही प्रोग्रामिंग या भाषेत शिकवता?" मॅडमनी विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "कंपायलरची अजून तक्रार नाई आली, सर." कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं तपासून मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम. त्या वर्षी तोंडी परीक्षेत आम्हाला कोणाला भाषेवरून बोलायची परीक्षकांची हिंमत झाली नाही.

त्यांचा एक तास मला तोंडपाठ आहे. विषय होता संच, म्हणजे सेट. शाळेत कंस काढून शिकलो होतो तोच. एक वस्तू एकदाच, दुबार नाही. त्या दिवशीचं काम असं, की संचातून ठरावीक अट लागू होणाऱ्या वस्तू काढून टाकायच्या. आम्हाला ते सोपं वाटलं. पहिल्या वस्तूपासून निघायचं, अट तपासायची, लागू झाली की काढायची, पुढच्या वस्तूकडे जायचं. आम्ही तसं लिहिलं. प्रोग्राम सुरू झाला आणि अर्ध्या वाटेत धाडकन बंद पडला. सगळ्यांचाच.

मॅडमनी पडद्याकडे पाहिलंही नाही. सहा मुलींना फळ्यासमोर हातात हात देऊन ओळीत उभं केलं. मला म्हणाल्या, "छाया, तू प्रोग्राम. पहिलीचा हात धर. एकेकीपाशी जा. जिची ओढनी लाल, तिले काढ."

पहिली निळी, दुसरी पिवळी. तिसरी सुनंदा. तिची ओढणी लाल. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "सुनंदा, तू निघाली."

"जा वं सुनंदा, बाकावर बस," मॅडम म्हणाल्या. सुनंदा निघाली. माझा हात तिच्या हातात, त्यामुळे मीही तिच्यामागं ओढली जाऊन बाकाशी पोचले. वर्ग हसायला लागला.

"आता पुढची कोन?" मॅडमनी मला विचारलं.

ओळ तिकडे फळ्यापाशी, मी इकडे बाकापाशी.

"सुनंदाले विचार."

"तिले काय माहीत, मॅडम? ते तर ओळीतून निघाली."

"हां! जो निघाला त्याले 'पुढं कोन' हे विचारता येत नाई. प्रोग्राम इथंच मरते." मग मला परत ओळीपाशी नेलं. सुनंदाला पुन्हा उभं केलं. माझा दुसरा हात चौथ्या मुलीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आधी पुढच्याचा हात धर, मंग याचा सोड. लिहून घ्या."

आम्ही लिहून घेतलं. मला वाटलं होतं हा प्रोग्रामिंगचा नियम आहे.

दुसरा नियम त्यांनी लिहून दिला नाही, तो त्या पाळायला लावत. संचातून काहीही काढण्याआधी जे निघणार आहे ते सगळं आधी छापायचं, आणि छापलेलं मोठ्यानं वाचायचं. वर्गात आम्ही अंक काढायचो, फळांची नावं काढायचो. तरी वाचायचं. 'केळी. पेरू. सीताफळ.' मुलं खिदळायची. एकदा एकानं विचारलं, की काढायचंच आहे तर वाचून काय उपयोग. तेव्हा त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांच्या दुकानात लोक जुनी गादी घेऊन येत. अब्बा कापूस पिंजत आणि कुजका, मातीचा कापूस बाजूला काढत. तो काढलेला कापूस ते वेगळ्या फडक्यावर ठेवत. गिऱ्हाईक आलं, की नवी भरलेली गादी दाखवायच्या आधी ते फडकं दाखवत. गिऱ्हाईकानं त्यात हात घालून पाहायचं आणि 'हां, टाका' म्हणायचं. मगच तो कापूस उकिरड्यावर जायचा. "गादी तर कोनी बी दाखवते," मॅडम म्हणाल्या. "गादीतून जेवढा निघाला तेवढा फडक्यावर दिसला पाहिजे. चांगला कापूस चोरला असन तर तो त्या फडक्यावरच कमी भरते."

आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. कापसाची लागोपाठ वाईट वर्षं चालली होती. त्या दिवसांत आमच्याकडे लोक पेपर उघडला, की शेतकऱ्यानं जीव दिल्याच्या बातमीत आधी गावाचं नाव वाचायचे, आपलं नाही ना ते बघायचे आणि मग पान उलटायचे. त्या वर्षी आमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेनं शेतकऱ्यांच्या मुलींसाठी हॉस्टेल काढलं. राहणं-जेवण फुकट. खाटा चाळीस, अर्ज आले एक्कावन्न. अकरा नावं काढायची होती. संस्थेच्या सचिवांनी अट ठरवली, की कॉलेजपासून पंचवीस किलोमीटरच्या आत जिचं गाव, ती रोज येऊ-जाऊ शकते, तिला हॉस्टेल नको. ऑफिसातल्या बाबूंनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावून प्रत्येक गावाचं अंतर लिहिलं. पंचवीसची अट लावली की बरोबर अकरा नावं निघत होती. म्हणून पंचवीस. कॉम्प्युटर लॅबमध्ये होते, म्हणून काम मॅडमकडे आलं. सचिवसाहेबांचा निरोप होता, "बटन दाबा आणि चाळीस नावं द्या."

मॅडमनी आम्हाला भोवती उभं केलं. "आज फळं नाई. आज खरी यादी आहे." प्रोग्राम अर्ध्या तासात झाला. पण काढायच्या ओळीशी येऊन त्या थांबल्या. निघणारी अकरा नावं आधी छापली आणि वाचायला लागल्या. नाव, गाव, अंतर. चौथं नाव सुनंदाचं होतं.

"सुनंदा. टाकळी. एकवीस."

"मॅडम, थांबा ना," सुनंदा म्हणाली. "एकवीस?"

"एकवीस लिहेल आहे."

"मंग मी पाचले घरून निघून साडेनऊले काहून पोचतो?"

सुनंदाची टाकळी पूर्णेच्या पलीकडे. नदीवर पूल नाही, रपटा आहे, म्हणजे पात्रालगतचा बुटका फरशीचा रस्ता. आषाढात रपटा पाण्याखाली जातो आणि मग मोठा वळसा घेऊन, दोन बस बदलून यावं लागतं. नकाशावर पट्टी ठेवली की पट्टी नदीवरून सरळ जाते.

"हॉस्टेल नाई भेटलं तर?" मॅडमनी विचारलं.

सुनंदा खाली पाहत म्हणाली, "बाबा म्हनले, भेटलं तर शीक. नाई तर दिवाळीनंतर पाहुणे येऊन राहिले पाहाले."

मॅडमनी प्रोग्राम बंद केला. "आज कोनी निघत नाई," म्हणाल्या. सचिवसाहेबांकडून त्यांनी तीन आठवडे मागून घेतले. कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "प्रोग्राम तपासून राहिली." ते खोटं नव्हतं.

त्या तीन रविवारी मॅडम लुनावरून अकराही गावांना जाऊन आल्या. निघण्याआधी त्यांनी मीटरच तपासलं. बडनेऱ्याच्या रस्त्यावर दहा किलोमीटरचे दगड पाहून मीटर किती दाखवतं ते लिहून घेतलं. दहाला पावणेदहा. "मीटर बी थोडं कमी बोलते," असं म्हणून तेवढा फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

टाकळीला सुनंदा मागच्या सीटवर बसून गेली. परत आल्यावर तिनं जे सांगितलं ते असं. वळशाच्या रस्त्यावर शेवटचा दीड किलोमीटर गाडरस्ता. पाऊस झालेला, काळी चिकणमाती. लुनाच्या चाकात माती अशी भरली, की चाक फिरेना. मॅडमनी काटकीनं माती काढली, पन्नास पावलं गेल्या, पुन्हा भरली. शेवटी दोघींनी लुना ओढत नेली. चाक फिरत नव्हतं, त्यामुळे मीटरही जागच्या जागी. मॅडमच्या ते ध्यानात आलं तेव्हा त्या मागं फिरल्या. जिथून मीटर थांबलं तिथंपर्यंत परत चिखलात गेल्या आणि पावलं मोजत पुन्हा आल्या. वहीत लिहिलं, 'इथं चाक फिरलं नाही. चालून मोजलं.' सुनंदाच्या वडिलांनी ओट्यावरून हे सगळं पाहिलं होतं. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "तुमी सरकारी का बाई?"

"नाई, दादा."

"मंग कायले एवढं?"

"तुमच्या पोरीचं नाव काढाले मले सांगतलं आहे. कुठून काढून राहिली ते पाहाले आली."

तिसऱ्या रविवारी आमच्या गावाची पाळी होती, कारण अकरा नावांत माझंही होतं. मी आदल्या दिवशी बाबांना पुष्कळ पढवलं होतं. मॅडम आल्या, की रस्ता कसा खराब, बसचा कसा भरवसा नाही, हे सांगायचं. मॅडम आल्या. आईनं चहा केला. बाबांच्या अंगणात आजवर कॉलेजची कोणी मॅडम आली नव्हती. त्यांचा ऊर भरून आला आणि ते म्हणाले, "आमच्या गावची काई तक्रार नाई, मॅडम! डांबरी रस्ता आहे. बस तर अशी, दारात थांबते! साडेसातले कॉलेजपाशी सोडते पोरीले, घड्याळ लावून घ्या!"

मी दाराआडून डोळे वटारले. बाबा माझ्याकडे बघून आणखी हसले. मॅडमनी चहा संपवला, मीटर पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'सतरा.'

चौथ्या सोमवारी त्या वही घेऊन सचिवसाहेबांकडे गेल्या. कागद पोचवायला मी दारात उभी होते, म्हणून पुढचं ऐकलं.

"मॅडम, तुम्हाला नावं काढायला सांगितलं होतं, गावं मोजायला नाही."

"काढाले सांगतलं म्हनूनच मोजलं, साहेब. घालाले सांगतलं असतं तर नसतं मोजलं."

"अट पंचवीसची आहे. ती बदलणार नाही."

"मी कुठी बदलाले सांगून राहिली? अट तुमची. पंचवीसच ठेवा. अंतर फक्त रस्त्यानं घ्या. पोरी पट्टीवरून येत नाई."

"आणि खाटा? चाळीस खाटा आहेत माझ्याकडे!"

"ते वेगळं सांगा ना मंग. खाटा कमी आहे म्हना. पोरी जवळ राहते म्हनू नका."

सचिवसाहेबांनी नकाशाचीच अंतरं धरून चार वाजेपर्यंत यादी लावायला सांगितली, आणि बाबूंच्या हातून तसा लेखी कागदही दिला. मॅडम लॅबमध्ये आल्या. मला वाटलं त्या आता प्रोग्राममध्ये काहीतरी गुपचूप फिरवतील. पंचवीसच्या जागी वीस टाकलं असतं तरी कोणाला कळलं असतं? मी तसं बोलूनही दाखवलं. त्या माझ्यावर इतक्या रागावलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "चोरून काढनारा अन् चोरून ठेवनारा, दोघायचं फडकं कमीच भरते," म्हणाल्या.

त्यांनी सांगितलेलं काम सांगितलं तसंच केलं. अकरा नावं काढली, चाळीस नावांची यादी छापली आणि बोर्डावर लावली. मग तिच्या शेजारी दुसरा कागद लावला. मथळा, 'काढलेल्यांची यादी'. त्याखाली, 'अट: पंचवीस किलोमीटरच्या आत'. मग अकरा नावं, आणि प्रत्येकीपुढे गाव, नकाशावरचं अंतर, रस्त्याचं अंतर, कॉलेजला पोचायची वेळ. खाली स्वतःची सही.

आमच्या बोर्डावर आजवर फक्त लागलेल्यांची यादी लागत आली होती. ज्याचं नाव नसे, तो माणूस यादीवरून तीन-तीनदा बोट फिरवी, आपल्यालाच नीट वाचता आलं नसेल असं समजून शेजारच्याला वाचायला लावी आणि मग पिशवी उचलून निघून जाई. तो भांडणार कशाशी? नसलेलं नाव कुठं लिहिलेलंच नसतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पालक आले. सुनंदाच्या वडिलांना अक्षरं लागत नव्हती, पण आकडे लागत होते. त्यांनी मुलीच्या नावापुढच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि सचिवसाहेब बाहेर आले तेव्हा तसंच धरून विचारलं, "साहेब, हे अडतीस पंचवीसच्या आत कसं येते, थोडं समजावून सांगता का?" आवाज चढवला नाही. खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं विचारलं. मागं आणखी आठ बापांची नि आयांची बोटं कागदावर होती. सचिवसाहेब म्हणाले, पाहू. मग म्हणाले, खाटा नाहीत. मग दुपारी म्हणाले, खाटांशिवाय राहणार असतील तर राहू द्या.

तिसऱ्या दिवशी अकोल्याहून आलेल्या एसटीच्या टपावरून नऊ गाद्या उतरल्या. बरोबर मॅडमचे अब्बा. पांढरी दाढी, भुवयांतही कापसाचे तंतू. सुनंदानं गादी उचलायला हात लावला तर म्हणाले, "रहने दे, बेटी. तू किताबं उचल." हॉस्टेलच्या खोल्यांत खाटांच्या मधल्या जागेत गाद्या घातल्या गेल्या. त्यांच्यावर नऊ मुली शिक्षण संपेपर्यंत झोपल्या.

नऊच. अकरापैकी दोन नावं रस्त्यानं मोजूनही पंचवीसच्या आतच होती. एक वलगावकडची मुलगी आणि दुसरी मी. मॅडमनी मला लॅबच्या दारात थांबवून तोंडावर सांगितलं. "छाया, तुझं अंतर सतरा. नकाशानं सोळा, रस्त्यानं सतरा. तू निघाली."

मी म्हटलं, "मॅडम, एक गादी जास्त आणली असती तर?"

"गादी तर अब्बा पन्नास भरून देतील. पन अट खरी लागली, तिथं मी मध्ये येनार नाई. नाई तर त्या नऊजणींसाठी मी काय भांडली?" मग तशाच आवाजात पुढं, "तुझी बस साडेसातले पोचते ना? तुझ्या बाबानं सांगतलं. उद्यापासून लॅब साडेसातले उघडन. गजाननभाऊले चावी देली आहे. दहा वाजेपर्यंत मशीन तुझं."

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते त्यांनी पाहिलं नाही, की पाहून सोडून दिलं, कुणास ठाऊक. पण साडेसातला लॅब उघडी असे. दोन वर्षं रोज अडीच तास माझ्या एकटीच्या हाताखाली मशीन होतं. आज मी जे काही पोटापाण्याचं काम करते ते त्या अडीच तासांत शिकले. चावी गजाननभाऊंकडे त्या तिसऱ्या रविवारी संध्याकाळीच गेली होती, हे मला फार उशिरा कळलं. माझं नाव काढायच्या आदल्या दिवशी.

पुढच्या जूनमध्ये शिक्षकांची यादी लागली. तिच्यात फरहत मॅडमचं नाव नव्हतं.

त्यांनी यादी एकदाच वाचली. ऑफिसात गेल्या. आम्ही चार-पाचजणी मागं. "मले काढलं का?" त्यांनी बाबूंना विचारलं.

"काढलं नाही, मॅडम. फक्त नाव आलं नाही यावर्षी."

"म्हनजे काढलं. मंग छापा."

"काय छापू?"

"काढलेल्यांची यादी. अन् अट."

बाबू हसले. तासिकेच्या शिक्षकांची कुठं अशी यादी असते का, म्हणाले. मॅडमनी त्यांच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि उभ्या उभ्या लिहिलं. 'काढलेल्यांची यादी. १. फरहत. गाव: अकोला. अट:' आणि अटीपुढे एक लांब रेघ ओढून जागा कोरी सोडली. कागद बोर्डावर लावला. "भरा सायबायले सांगून," असं बाबूंना म्हणाल्या आणि लुनाला पेडल मारलं.

संध्याकाळी कागद नव्हता. दुसऱ्या दिवशी दहाला मॅडम आल्या, नवा कागद लावला, गेल्या. पुन्हा काढला गेला. पुन्हा लावला. असे सहा दिवस. कोणाशी भांडण नाही, आरडाओरडा नाही. टाचण्या स्वतःच्या आणत. सातव्या दिवशी त्या खोली सोडून अकोल्याला निघून गेल्या. त्या दिवशीही दहा वाजता बोर्डावर कागद होता. अक्षर सुनंदाचं होतं. आठव्या दिवशीचं अक्षर माझं. आम्ही तो पावसाळा संपेपर्यंत पाळीपाळीनं लावला. ती जागा कोणी भरली नाही. मॅडम परतही आल्या नाहीत. पण त्या वर्षी बाबूंना बोर्डासमोरून जाताना मान खाली घालून जावं लागे, एवढं खरं.

सुनंदा आता दर्यापूरकडे एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. मी पुण्यात असते. एका कंपनीत लोकांच्या मोठमोठ्या याद्यांचं काम पाहते. खाती बंद पडलेले, उत्तर न देणारे, नको असलेले, असे लोक अटी लावून यादीतून काढायचे, हे माझं काम. एका अटीत हजारो नावं जातात.

परवा अकोल्याला एका लग्नाला गेले होते, तेव्हा मॅडमना शोधत गेले. गल्ली अरुंद, खाली गाद्यांचं दुकान. अब्बा आता नाहीत, भाऊ बसतो. त्याच्या बाजूला फडक्यावर काढलेला कापूस तसाच ठेवलेला. लाकडी जिन्यानं वर गेलं की मॅडमचा क्लास. केस पांढरे झालेत. घड्याळ अजून मनगटाच्या आतल्या बाजूला. मला पाहून म्हणाल्या, "सतरा! ये."

त्यांना माझं नाव आठवलं नाही, अंतर आठवलं.

भिंतीवर फळ्याच्या शेजारी काढलेल्यांच्या यादीचा त्या वेळचाच एक कागद लावलेला होता. पिवळा पडलेला, टाचण्यांची भोकं पडलेला. अटीपुढची रेघ अजून कोरी. मी बघतेय हे पाहून एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम सांगतात, तो बग आहे, म्हनजे प्रोग्राममधली चूक. अजून सुटला नाई, म्हनून बंद करायचा नाई."

मॅडमनी डब्यातून फुटाणे काढून माझ्या हातावर ठेवले आणि मी काय करते ते विचारलं. मी सांगितलं. जरा अभिमानानंच सांगितलं असेल. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काढन्याअगोदर छापतेस का?"

"छापते, मॅडम. नियमच आहे माझा. सगळ्यांना लावलाय."

"वाचतेस?"

मी फुटाण्यांवर मूठ मिटली.

"मोठ्यानं?" त्यांनी विचारलं. मग माझ्या उत्तराची वाट न पाहता फळ्याकडे वळल्या. पोरं जमायला लागली होती, त्यांचा तास सुरू व्हायचा होता.

मी जिना उतरून गल्लीत आले. फुटाणे अजून मुठीत होते. वरची खिडकी उघडी होती. मॅडम माझ्याकडे पाठ करून उभ्या, हातात एक छापील कागद. निघणारं एकेक नाव मोठ्यानं वाचत होत्या. नाव, गाव, मग थोडं थांबून पुढचं नाव. गल्लीतून एक हातगाडी गेली, तिच्या आवाजात दोन नावं बुडाली. मग वरून एका मुलीचा आवाज आला, "मॅडम, थांबा ना."

आणि मॅडम थांबल्या.